बिनफवारणीची ओळ

विहिरीकडून मोजत गेलं तर अठरावी, एकोणिसावी आणि विसावी. आमच्या द्राक्षबागेतल्या या तीन ओळींच्या दोन्ही टोकांना अँगलवर लाल रिबिनी बांधलेल्या आहेत. ब्लोअर घेऊन ट्रॅक्टर तिथं आला की चालक फवारा बंद करतो, तीन ओळी तशाच ओलांडतो आणि एकविसावीला पुन्हा चालू करतो. चालक नवा असला की थांबून विचारतो, "ताई, इथं काय झालं?" काही झालेलं नसतं. काही करायचं नाही, एवढंच ठरलेलं असतं.

पिंपळगाव बसवंतपासून थोडं आत, कादवेच्या काठाला आमची साडेचार एकर थॉमसन जातीची बाग आहे. डॉगरिज खुंटावर कलम केलेली, इंग्रजी वाय अक्षरासारख्या मांडवाची. या भागात लहानपणापासून कानावर पडतं ते हे, की फवारणीत एक दिवस चुकला की वर्ष गेलं. मी लग्न होऊन इथं आले, उद्यानविद्येची पदवी घेऊन आले, तरी हे वाक्य मलाही खरंच वाटत होतं. अजूनही ऑक्टोबरात ढग आले की पोटात गोळा येतो. म्हणून सासऱ्यांकडे तीन ओळी मागायला मला चार महिने लागले.

"कशाला पाह्यजे?" नाना म्हणाले.

"काहीच फवारायचं नाही त्यांच्यावर."

"येडी झाली का तू? एका ओळीत पन्नास झाडं आहे. झाडामागं दहा किलो धर. दीड टन माल झाला."

त्याचे रुपये किती, ते नानांनी सांगितलं नाही. घरात सगळ्यांना पाठ होतं.

एक ओळ पुरली असती तर मी एकच मागितली असती. पण ब्लोअरचा तुषार शेजारच्या ओळीवर जातोच, वारा असला तर दोन ओळी पलीकडेही जातो. म्हणून मधल्या ओळीला दोन्हीकडून एकेक राखण ओळ लागते. मोजायची फक्त मधली, आणि तिच्यातलीही टोकाची पाच-पाच झाडं सोडून. बांधाकडची ओळ देऊन काम भागत नाही, तिला ऊन-वारा वेगळा मिळतो आणि शेजाऱ्याची फवारणीही तिच्यावर येते. हे सगळं मी नानांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि आठवडाभर काहीच बोलले नाहीत.

हे माझ्या डोक्यात आलं ते एका शिवारफेरीत. गावातले पंचवीस-तीस बागायतदार, मधे एक शास्त्रज्ञ. एकानं मोठ्या खुशीत सांगितलं की अमुक जैविक औषध चार वेळा मारलं आणि भुरी, म्हणजे घडावर राखेसारखी चढणारी बुरशी, आलीच नाही. शास्त्रज्ञांनी विचारलं, "न मारलेली ओळ ठेवली होती का?" नव्हती. "मग औषधानं भुरी थांबली की यंदा भुरी येणारच नव्हती, हे कसं कळणार?" प्रश्न साधा होता, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. नानांच्या डायऱ्या काढून बसले. गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, काढणीपर्यंतच्या फवारण्या मोजल्या, त्या हंगामात 46 भरल्या. प्रत्येकीपुढे तारीख, औषध, प्रमाण, टाकीत किती पाणी, सगळं अगदी व्यवस्थित. त्यातली कोणती लागू पडली आणि कोणती नुसतीच गेली, हे मात्र एकीपुढेही लिहिलेलं नव्हतं. लिहिणार तरी कसं? ताडून बघायला समोर काही नव्हतंच.

नाना बेफिकीर शेतकरी नाहीत, हे इथं सांगायलाच हवं. 2010 साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले, तेव्हा आमचाही माल त्यात होता. ज्यांना माल दिला होता त्यांच्याकडून पैसे पूर्ण कधीच आले नाहीत. ती वाढरोधक फवारणी त्या काळी सगळेच करत होते, वेलीचा शेंडा थांबावा म्हणून. तेव्हापासून नाना एमआरएल (मालात औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालतो), पीएचआय (काढणीआधी औषध किती दिवस बंद ठेवायचं) हे शब्द घरातल्या माणसांच्या नावांसारखे वापरतात. काढणीच्या किती दिवस आधी काय बंद करायचं, याचा तक्ता देवघराच्या भिंतीला लावलेला आहे. म्हणजे अंश राहू नये याची काळजी त्यांना आहेच. माझा प्रश्न त्याच्या आधीचा होता. ते औषध मारायची गरज होती का?

शास्त्रीय लेखांत अशा ओळीला 'नियंत्रण' म्हणतात. नानांना तो शब्द पटला नाही. जिथं आपला काहीच ताबा नाही त्याला नियंत्रण कसं म्हणायचं, असं ते म्हणाले, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. आमच्या घरात ती 'बिनफवारणीची' झाली, आणि मजुरांच्या तोंडी 'रिबिनीची'.

बोर्डो या जुन्या बुरशीनाशक मिश्रणाचा जन्मच अशा ओळींमुळे झाला, हे मी नानांना सांगितलं. डाऊनी हा द्राक्षावरचा मूळचा अमेरिकेतला रोग, 1878 च्या सुमारास तो फ्रान्समध्ये पोचला आणि बागाच्या बागा झडू लागल्या. 1882 च्या ऑक्टोबरात बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे सेंट-जुलिएन भागातल्या एका बागेवरून चालले होते. त्यांना दिसलं की रस्त्याकडेच्या ओळींची पानं शाबूत आहेत आणि आतल्या ओळी बोडक्या. चौकशी केली तेव्हा कळलं, येणारे-जाणारे घड तोडून नेतात म्हणून मालकाकडची माणसं रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत होती. निळसर-पांढरे घड बघून कुणी तोंडाला लावू नये, एवढाच हेतू. मिलार्देंनी प्रयोग केले आणि 1885 मध्ये कृती प्रसिद्ध केली. आज निफाड-दिंडोरीत पावसाळ्यात ज्याच्या त्याच्या टाकीत असतं ते हेच.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आतल्या ओळी मेल्या, म्हणून बाहेरच्या कशानं जगल्या ते कळलं."

मी चार महिने जे सांगायचा प्रयत्न करत होते ते एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन रिबिनी बांधल्या.

ते साल 2019. ज्यांना आठवतं त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ऑक्टोबर संपला तरी पाऊस हटेना, अरबी समुद्रात आधी क्यार आणि पाठोपाठ महा. पोंगे फुटून चार-पाच पानं झालेली, आणि दिवसभर पानं ओली. बाग आम्ही तीन भागांत वाटली होती. मोठा भाग नानांच्या पद्धतीचा. पाऊण एकर माझा, तिथं ठिबकातून ट्रायकोडर्मा, पानांवर बॅसिलस, भुरीसाठी अँपेलोमायसिस, सगळी जिवंत बुरशी-जिवाणूंची औषधं. आणि रिबिनीच्या तीन ओळी.

डाऊनी आधी पानावर तेलकट डाग होऊन दिसतो, कागदावर खोबरेल सांडल्यासारखा. पण असा डाग दुसऱ्याही कारणानं पडू शकतो. खात्री करायची एक सोपी रीत आहे, तिला प्रयोगशाळा लागत नाही. डाग पडलेलं पान तोडायचं, ओल्या फडक्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, तोंड बांधायचं आणि रात्रभर अंधारात ठेवायचं. या बुरशीला बीजाणू धरायला दमट हवा आणि काही तास अंधार लागतो, तो आपण पिशवीत देतो. सकाळी पान उलटं करून बघायचं. डाऊनी असेल तर डागाच्या बरोबर खालच्या बाजूला पांढरी लव उगवलेली असते, बारीक साखर भुरभुरल्यासारखी. पहिल्यांदा ती पिशवी उघडली तेव्हा नाना आणि मी दोघं ओट्याशी उभे होतो. पान मधल्या ओळीतलं होतं. लव आली होती. मग माझ्या पाऊण एकरातलं पान उलटलं. तिथंही आली होती.

त्या वर्षी माझ्या जैविक भागानं डाऊनीसमोर हात टेकले. बॅसिलस मारलेल्या आणि काहीच न मारलेल्या ओळीत मोजण्यासारखा फरक उरला नव्हता. नानांच्या भागात रोग होता, पण आटोक्यात. चौथ्या दिवशी मी स्वतःच सांगितलं, माझ्या भागात आंतरप्रवाही बुरशीनाशक मारा. रिबिनीच्या ओळींतले कोवळे घड तोवर तपकिरी पडून वाळत चालले होते.

आणि शेजारचे काका आले. आवाज न चढवता म्हणाले, "सुनबाई, तुमचा अभ्यास राहू द्या, पण बीजाणू माझ्या बागेत उडत येऊ राहिले." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. या बुरशीचे बीजाणू बांध मानत नाहीत. त्याच दिवशी आम्ही नियम केला, तो आजही आहे. मधल्या ओळीत डाऊनी ठरावीक पानांपलीकडे गेला की ती ओळ मोडायची, म्हणजे तिथंही फवारायचं आणि त्या वर्षापुरती डाऊनीची मोजणी बंद. प्रयोगासाठी शेजाऱ्याची बाग पणाला लावायचा हक्क मला नाही.

पण बिनफवारणीच्या ओळीनं मला जे खरं शिकवलं ते डिसेंबर-जानेवारीत. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातला पारा वर्तमानपत्रात यायला लागतो ते दिवस. हवा कोरडी, सकाळी धुकं. डाऊनी मागं हटतो आणि भुरी पुढं येते. बिनफवारणीच्या ओळीत उरलेल्या घडांच्या खांद्यावर राखेसारखी भुरी होती, म्हणजे त्या वर्षी ती आली होती हे नक्की. माझ्या भागात भुरीसाठी सुरुवातीला गंधक आणि नंतर अँपेलोमायसिस एवढंच होतं, तरी घड स्वच्छ. अँपेलोमायसिस ही भुरीच्याच बुरशीवर जगणारी बुरशी. डाऊनीपुढे ज्या भागानं हात टेकले तोच भाग भुरीपुढे उभा राहिला, आणि हे मी छातीठोकपणे सांगू शकत होते ते निव्वळ त्या राखाडी घडांमुळे. नुसता माझा भाग असता तर पुढच्या शिवारफेरीत मीही खुशीत उभी राहिले असते आणि तोच प्रश्न माझ्यावर आला असता.

फुलकिड्यांचं तर आणखी वेगळं. थ्रिप्स म्हणजे मण्यावर डाग, डाग म्हणजे निर्यातीतून बाहेर, म्हणून फुलोऱ्याच्या आधीपासून तारखा धरून फवारण्या व्हायच्या. मी पांढरा कागद आणि पाटी घेऊन जायचे. शेंडा कागदावर तीनदा झटकायचा, पडलेले किडे मोजायचे, पुढच्या झाडावर जायचं. दर तिसऱ्या दिवशी, तिन्ही भागांत. काही हंगामांत मधल्या ओळीतली संख्या वाढायची ती वाढायचीच. पण दोन हंगाम असे गेले की बिनफवारणीच्या शेंड्यांवरही किडे इतके थोडे होते, की नानांच्या भागातल्या तीन फवारण्या कशासाठी झाल्या याचं उत्तर आमच्या कुणाकडेच नव्हतं. तेव्हापासून ते तारखेऐवजी कागद मागतात. "झटकून आली का?" असं विचारतात.

आता क्रिप्टो नावाच्या मित्रकिड्याबद्दल, कारण या सगळ्यात माझा सगळ्यात जास्त जीव तिथं अडकला आहे.

मिलीबग, आपला पिठ्या ढेकूण, खोडाच्या सुटलेल्या सालीखाली राहतो. मण्यात पाणी उतरायला लागलं की वर चढतो, घडात शिरतो आणि चिकट गोड पाणी सोडतो. त्यावर काळी बुरशी धरते आणि घड फेकून द्यायच्या लायकीचा होतो. अंगावर मेणाचं कवच असल्यानं फवारा त्याला नीट लागत नाही. त्याचा खरा शत्रू एक ढालकिडा आहे, क्रिप्टोलिमस. मूळचा ऑस्ट्रेलियातला. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला तो कॅलिफोर्नियात संत्री-लिंबाच्या बागांसाठी नेला गेला आणि 1898 मध्ये भारतात आला, कॉफीवरच्या खवले किडीसाठी. जेमतेम चार मिलिमीटरचा, काळी पाठ, नारिंगी डोकं.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, द्राक्षांचे भाव कोसळले, आणि बाजारात लाल भोपळ्यांनाही कुणी विचारेना. मी बारा भोपळे आणले. खोलगट खाचांचे आणि देठ शाबूत असलेले, कारण मिलीबग खाचेत धरतो आणि देठ तुटलेला भोपळा लवकर सडतो. मागच्या कोठीत फळ्यांवर मांडून त्यांच्यावर मिलीबग वाढवले, मग त्यांना खायला मागवलेले क्रिप्टोचे भुंगेरे सोडले. सासूबाई महिनाभर त्या खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हत्या. पण पहिली पिढी बाहेर पडली त्या सकाळी त्याच चाळणी घेऊन आल्या, भुंगेरे गोळा करायला.

एका वेलीला दहाच्या हिशोबानं सोडले. दोन आठवड्यांनी नाना बागेतून तरातरा आले, हातात सालीचा तुकडा. "हे बघ तुझ्या किड्यांचं काम. मिलीबग केवढे झाले!" सालीवर लांब पांढऱ्या लोकरीचं काहीतरी होतं, साध्या मिलीबगच्या दुपटी-तिपटीनं मोठं. नानांचा अंगठा त्याच्यावर टेकतच होता. मी ओरडले. ते क्रिप्टोचं पिल्लू होतं. त्याचं रूप हुबेहूब भक्ष्यासारखंच असतं, अंगावर तशीच मेणाची झुलपं. ओळखायचं ते चालीवरून, मिलीबग जेमतेम हलतो आणि हे पिल्लू लगबगीनं फिरतं. आम्ही दोघं पायरीवर बसून बघत राहिलो. त्यानं एका मिलीबगच्या पोटाखाली तोंड घातलं आणि मिनिटा-दोन मिनिटांत तिथं नुसतं पांढरं टरफल उरलं. असं एक पिल्लू वाढीच्या काळात मिलीबगची अडीचशेपर्यंत बारकी पिल्लं फस्त करू शकतं.

"मी किती चिरडले असतील आजवर," नाना म्हणाले.

त्या उन्हाळ्यात सर्वांत जास्त क्रिप्टो टिकले ते रिबिनीच्या ओळींत. नानांच्या भागात सोडलेले पुढच्या कीटकनाशकासरशी गेले. माझ्या भागात काही राहिले, पण जिथं खोडावर मुंग्यांची रांग होती तिथं नाही. गोड पाण्यासाठी मुंग्या मिलीबगची राखण करतात, भुंगेऱ्याला हुसकावतात. म्हणजे आधी मुंग्यांचा बंदोबस्त, मग सुटलेली साल काढणं, मग क्रिप्टो, आणि त्या काळात त्यांना मारणारं औषध बंद. यातलं एक गाळलं तर बाकीचं वाया. बाटली उघडून टाकीत ओतण्याइतकं हे सोपं नाही, हे मान्यच करायला हवं.

बोर्डोचा हिशेबही याच सुमारास मांडला, आणि तो मला जड गेला. बोर्डो सेंद्रिय शेतीत चालतं, म्हणून मी ते चांगल्यांत धरलं होतं. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद. आम्ही एकरी 400 लिटर मारतो, म्हणजे चार किलो मोरचूद. मोरचुदात साधारण पाव हिस्सा तांबं असतं, तेव्हा एका फवारणीत एकरी एक किलो आणि हेक्टरी अडीच किलो तांबं. युरोपीय संघानं 2019 पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली, सरासरी वर्षाला चार किलो. आम्ही पावसाळ्यात तीन-चार फवारण्या सहज करायचो. दुसऱ्याच फवारणीला सरासरी ओलांडली जात होती. तांबं कुजत नाही, फारसं वाहूनही जात नाही, मातीच्या वरच्या थरात साठत राहतं आणि गांडुळांना तेच सोसावं लागतं. मी ओळींमध्ये ताग पेरत होते, खरड छाटणीच्या, म्हणजे काढणीनंतरच्या छाटणीच्या, काड्या जाळायच्या बंद करून कुट्टी पसरत होते, गांडुळं वाढावीत म्हणून. आणि वरून तांबं.

नाना बोर्डो अजूनही स्वतः करतात. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा, दोन्ही प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये. शेवटी विळ्याचं पातं बुडवून बघायचं, पात्यावर लालसर तांबं चढलं तर चुना कमी पडला. ती त्यांची विद्या आहे आणि मला तिचा आदर आहे. आता आम्ही अर्ध्या टक्क्यावर आलो आहोत, वर्षाला दोनच वेळा, आणि तेही पान ओलं राहण्याचे तास बघून. तेवढ्यानं भागतं का, हे दर पावसाळ्यात रिबिनीच्या ओळीशी ताडून बघतो.

एक गोष्ट मात्र माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, आमच्याकडे सुरगाण्याहून टोळी येते. मुकादमाची बायको, तिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, हिनं तिसऱ्या वर्षी सहज सांगितलं, "ताई, रिबिनीच्या ओळीत हात चुणचुणत नाही." मी विचारलं, बाकीच्या ओळींत? "तिथं संध्याकाळी डोळे चोळायचे नाही, पोराला घ्यायचं नाही, आधी हात धुवायचे." तेव्हा माझ्या लक्षात आलं, लेकुरवाळ्या बायका झोळी बांधायच्या त्या नेहमी विसाव्या ओळीच्या अँगलला. मला वाटायचं सावली बरी म्हणून. त्यांनी दोन हंगाम आपसांत ठरवून ती जागा निवडली होती. मी थ्रिप्स मोजत होते, पानांवरचे डाग मोजत होते, आणि त्याच ओळींतला सगळ्यात मोठा फरक तिथं काम करणाऱ्या बायकांनी कधीच ओळखला होता. पर्यावरण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे माती, पाणी, मधमाशी यायची. आता आधी मावशींचे हात येतात. त्यानंतर आम्ही फवारणी आणि विरळणी यांच्यामधले दिवस वाढवले आणि ते भिंतीवरच्या तक्त्यात लिहिले, काढणीच्या रकान्याशेजारी.

मावशींची स्वतःची सुरगाण्याकडे दहा गुंठे स्ट्रॉबेरी आहे. सप्तशृंगी गडाकडून सापुताऱ्याकडे जाताना रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसतात ना, त्यांच्यातल्या त्या एक. त्यांच्या पिकात आमच्याइतकी सवलतच नाही. द्राक्षाची काढणी एकदाच होते, त्याआधी औषध बंद करून थांबता येतं. स्ट्रॉबेरीच्या एकाच रोपावर फूल, हिरवं फळ आणि पिकलेलं फळ एका वेळी असतं, आणि तोडणी एक दिवसाआड. औषध मारून सात दिवस थांबायचं म्हटलं तर तीन तोडण्या सडतील. म्हणजे मित्रकीटकांचं आणि जैविक उपायांचं संशोधन सगळ्यात आधी पोचायला हवं ते अशा दहा गुंठ्यांत. आणि तिथं तीन ओळी बिनफवारणीच्या ठेवा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? तीन ओळी म्हणजे त्यांचं दिवाळीनंतरचं रेशन.

मला जे आतून म्हणायचं आहे ते इथंच आहे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाचं गव्हाचं एक शेत आहे. 1843 मध्ये तिथं प्रयोग सुरू झाला आणि त्यातल्या एका पट्ट्याला तेव्हापासून आजवर कसलंही खत दिलेलं नाही. तो सुरू करणारे जॉन लॉज स्वतः सुपर फॉस्फेटचे कारखानदार होते, तरी त्यांनी तो कोरा पट्टा राखला. त्या पट्ट्याशी ताडून जगाला खतांबद्दल केवढं कळलं! पण लॉज यांच्याकडे जमीन होती, कारखाना होता, तो पट्टा त्यांना परवडत होता. पुण्याजवळ मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात असे कोरे भाग ठेवले जातात, ठेवायलाच हवेत. पण मांजरीची हवा वेगळी, कादवाकाठची वेगळी, सुरगाण्याच्या घाटातली आणखी वेगळी. जैविक बुरशी ही जिवंत गोष्ट आहे, ती ज्या हवेत सोडली त्या हवेप्रमाणे वागते. तिचा खरा निकाल त्या त्या शिवारातच लागतो. म्हणून प्रत्येक दहा-बारा गावांमागे एक तरी बिनफवारणीची ओळ हवी आणि तिच्या नुकसानीचे पैसे आधी ठरवून शेतकऱ्याला मिळायला हवेत, सरकारकडून, निर्यातदारांकडून, औषधं विकणाऱ्यांकडून, सगळ्यांकडून वाटून. बिनविषारी द्राक्षं मागणारे खूप आहेत. त्यासाठी जो दीड टन माल बाजूला ठेवावा लागतो तो सध्या नानांसारख्यांच्या खिशातून जातो.

यंदा, 2025 मध्ये, मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि थांबायचं नाव घेईना. खरड छाटणीनंतर काडीत घडनिर्मिती व्हायची तेव्हाच ऊन नव्हतं. गोडी छाटणी झाली आणि कित्येक बागांमध्ये फुटवे आले ते घडांवाचून. आमच्याकडेही तसंच. मधल्या ओळीत मी मोजले, चाळीस झाडांत मिळून नेहमीच्या निम्मेसुद्धा घड नाहीत. फवारणीच्या भागातही तीच गत. या वेळी दोन्हींत फरकच नाही, कारण ऊन काही टाकीतून मारता येत नाही. रिबिनी सोडू का, असं मी नानांना विचारलं. घडच नाहीत तर मोजायचं काय?

"पानं तर हायेत," ते म्हणाले, आणि पाटी माझ्या हातात दिली.

आज दुपारी एकोणिसाव्या ओळीत, तेविसाव्या झाडावर एक तेलकट डाग दिसला. शेजारच्या काकांना फोन केला, तर म्हणाले, "पिशवीत घाला, सकाळी मी येतो बघायला." पान आता फडताळात आहे, दुधाच्या पातेल्याशेजारी. नानांनी झोपायच्या आधी दोनदा उठून पिशवीची गाठ तपासली.

सकाळी साडेपाचला उघडायची आहे.